तिशीच्या उंबरठ्यावर

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या इस्लापुरात बचत गटाची बैठक झाली. हिशोब झाला, चहा झाला, बायका पांगल्या. दोघी जणी मात्र रेंगाळल्या. एक एकोणतीस वर्षांची, बी.ए. झालेली, नांदेडला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. सुटीत घरी आली म्हणून आईच्या बदली बैठकीला बसली होती. दुसरी तिशीची. सातवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि आता थोरली लेक आठवीत आहे.

पहिली म्हणाली, "काकू, माझं अजून काहीच सुरू झालं नाही हो." दुसरी म्हणाली, "माझं तर सगळं होऊन बसलंय, ताई." वय जवळपास सारखं, आणि दोघींच्या पोटातली धाकधूकही तीच. आता पुढं काय?

आपल्या खेड्यापाड्यांत या दुसरीसारख्या खूप जणी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आतच झालेली आढळली. त्यामुळे पहिलीसारखी एखादी पोर दिसली की अख्ख्या गल्लीला तिचीच काळजी.

घरी येताना माझ्या डोक्यात मात्र सिनेमे घोळत होते. हसू नका! आमच्या पिढीला जगणं शिकवलं ते शाळेनं थोडं आणि सिनेमानं फार. गल्लीत एकच टीव्ही. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. कुणीतरी पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचं आणि खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!" १९९१ साली 'माहेरची साडी' आला आणि अलका कुबलच्या सोशिक सुनेसाठी गावोगावच्या आया-मावश्यांनी डोळ्याला पदर लावला. सोसणं म्हणजेच चांगलं असणं, हे आम्ही तिथं शिकलो. १९९५ ला 'दिलवाले दुल्हनिया' आला तेव्हा मी पंधरा वर्षांची. शेवटी धावती गाडी, पुढे आलेला हात, आणि सिनेमा संपला. मुदखेड-आदिलाबाद लाइनवरची गाडी बघितली की मलाही उगाच काहीबाही वाटायचं. गाडीत बसले ती एकविसाव्या वर्षी, नवऱ्यामागून, मांडीवर डबा घेऊन. चढल्यावर पुढं काय करायचं, ते सिमरननं दाखवलंच नव्हतं.

माझी तिशी २०१० साली आली. दोन लेकरं, बी.ए.ची पदवी पेटीच्या तळाशी. त्याच सुमारास टीव्हीवर 'उंबरठा' पुन्हा पाहिला. लहानपणी कंटाळवाणा वाटला होता. जब्बार पटेलांचा हा १९८२ चा सिनेमा. त्यातली सुलभा महिलाश्रमात काम करायला घर सोडून जाते, परत येते तेव्हा घर तिचं राहिलेलं नसतं, आणि ती पुन्हा बाहेर पडते. तिचं पुढे चांगलं होतं की वाईट, हे सिनेमा सांगत नाही. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. पुढचं माहीत नसताना पाऊल उचलणारी बाई मी पडद्यावर पहिल्यांदाच नीट पाहिली. ते काम करताना स्मिता पाटीलनं तिशी गाठलेली नव्हती. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली तेव्हा फक्त एकतीस वर्षांची होती. आपण कशाच्या भरवशावर तिशीची मुदत घालतो? पुढच्या महिन्यात मी बचत गटाच्या वह्या लिहायला घेतल्या. घर सोडलं नाही, पण घराबाहेर पडले.

आता एक कबुली. त्या एकोणतीस वर्षांच्या पोरीला गेल्या दिवाळीत मीच विचारलं होतं, "काय गं, ठरलं का कुठं?" ती हसली, फराळाची ताटली तशीच ठेवून आत गेली. बैठकीच्या दिवशी म्हणाली, "पेपर अवघड गेला तर मी रडत नाही काकू. पण गावाकडं यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो." मला मान वर करवेना.

सरकारनं २०१६ साली नोकरीसाठीची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३३ वरून ३८ केली, मागासवर्गीयांना ४३. सरकार थांबायला तयार आहे, आपण का नाही? परीक्षेला लाखो बसतात, जागा मोजक्या, हे खरंच आहे. जोडीला दुसरं काही हाताशी ठेव, असं मी तिला सांगितलंय. पण केव्हा थांबायचं ते तिनं ठरवावं, भावकीनं नव्हे.

आणि ती दुसरी? तिनं लेकीबरोबर मोबाइलवर 'इंग्लिश विंग्लिश' पाहिला. २०१२ चा, श्रीदेवी पंधरा वर्षांनी पडद्यावर परतली तो. मला हळूच विचारते, "ताई, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं म्हणे, खरं का?" खरं आहे. पुढे शिकायचं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. घरी मात्र नवरा म्हणतो, "आता काय कलेक्टर व्हायचंय?"

मैत्रिणींनो, आपल्या हातात थोडंच आहे, पण तेवढं तरी करू. लग्नाकार्यात एखादीला 'ठरलं का?' विचारण्याआधी 'जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय?' एवढं विचारू. घरातली कुणी पुन्हा शिकायचं म्हणाली तर संध्याकाळच्या भाकरी तासभर दुसऱ्या कुणी थापाव्यात. आणि स्वतःची तिशी उलटून गेली असेल, तर पेटीच्या तळाशी काय ठेवलंय ते एकदा काढून बघू.

परवा मी त्या दुसरीच्या घरी गेले. लेकीची सातवीची पुस्तकं तिनं रद्दीत घातली नाहीत. चुलीपुढे बसून आई गणितं सोडवते आणि लेक लाल पेननं तपासते. पास होईल का? तिला माहीत नाही, मलाही नाही. फॉर्म मात्र आम्ही भरणार आहोत.