दडवलेले फूल, न दाखवलेला सामना

एप्रिल सरता सरता इंग्लंडमध्ये दोन हंगाम एकमेकांना भेटतात. रानात निळ्या ब्लूबेलच्या गर्दीत जांभळे अर्ली पर्पल ऑर्किड डोके वर काढते आणि गावोगावच्या छोट्या फुटबॉल क्लबांचे वर चढण्याचे नाहीतर खाली घसरण्याचे हिशेब शेवटच्या सामन्यांवर येऊन ठेपतात. सकाळी ऑर्किड, दुपारी तीनला सामना, असा शनिवार घालवणारे शौकीन तिथे आहेत. या दोन छंदांचा एकमेकांशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण दोन्हींमध्ये काही गोष्टी मुद्दाम दडवून ठेवलेल्या असतात. दुर्मिळ ऑर्किडचा पत्ता सांगितला जात नाही आणि शनिवारी दुपारचा सामना टीव्हीवर दाखवला जात नाही. सगळे सगळ्यांना बोटाच्या टोकावर मिळालेच पाहिजे, या आजच्या हट्टाला हे धरून नाही. तरीही ही अडवणूक मला योग्य वाटते. अट एकच, अडवणाऱ्याने दुसरीकडे एक दार उघडे ठेवले पाहिजे.

ऑर्किडपुरती या गुप्ततेची कारणे भक्कम आहेत. ऑर्किडचे बी पिठासारखे बारीक असते आणि त्यात अन्नाचा साठा जवळपास नसतोच. मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजते, आणि पुढे फूल यायला कैक वर्षे जातात. म्हणून उपटून बागेत नेलेले रोप सहसा मरते आणि मागे उरलेल्या खड्ड्यात नवे येत नाही. लेडीज स्लिपर हे पिवळ्या पिशवीसारखी पाकळी असलेले देखणे ऑर्किड इंग्लंडमध्ये हौशी लोकांनी इतके खणून नेले की 1917 मध्ये ते संपले असे धरले गेले. 1930 मध्ये यॉर्कशरच्या डोंगराळ भागात त्याचे एकच रोप सापडले. पुढची कित्येक दशके त्याचा पत्ता मूठभर लोकांना ठाऊक होता, आणि फुलण्याच्या दिवसांत तिथे राखण असे. ती गुप्तता मोडली असती तर आज बोलायला काही उरलेच नसते. पण गोष्ट इथे थांबली नाही, हे महत्त्वाचे. क्यूच्या वनस्पती उद्यानाने प्रयोगशाळेत रोपे वाढवली, ती पुन्हा रानात लावली गेली, आणि लँकशरमधल्या गेट बॅरोज या राखीव क्षेत्रात आता मे संपताना कुणीही जाऊन हे फूल पाहू शकतो. मिलिटरी ऑर्किडचेही तेच. शिरस्त्राणासारखी राखाडी-गुलाबी टोपी, खाली हातपाय पसरलेली पाकळी आणि तिच्यावर कोटाच्या गुंड्यांसारखे केसाळ जांभळे ठिपके, असा हा शिपाई ब्रिटनमधून नाहीसा झाला असे मानले जात होते. 1947 मध्ये जे. ई. लाउझली यांना तो सापडला, आणि त्यांनी ठिकाण सांगायला साफ नकार दिला. आज मार्लोजवळच्या होमफील्ड वुडमध्ये तो सर्वांना पाहता येतो.

फुटबॉलमधली बंदी वेगळ्या वाटेने आली. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात कुठलाही फुटबॉल सामना थेट दाखवता येत नाही. 1960च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी यासाठी आग्रह धरला होता. घरबसल्या बडे संघ दिसू लागले तर खालच्या फळीतल्या क्लबांच्या दारात कोण येणार, हा त्यांचा मुद्दा. प्रीमियर लीगच्या हंगामातल्या 380 सामन्यांपैकी किमान 267 आता तिथे थेट दाखवले जातात. तीनचे सामने मात्र अजूनही या पडद्याआडच. गंमत अशी, की लंडनकराला घरी न दिसणारा तो सामना पुण्यातला चाहता संध्याकाळी साडेसातला चहा घेत पाहतो. 2020 मध्ये करोनामुळे मैदाने रिकामी होती, तेव्हा ही बंदी उठवली गेली. दारात कुणी येणारच नसेल तर राखायचे काय? सातव्या-आठव्या फळीतल्या क्लबाला टीव्हीचे पैसे नाममात्रच मिळतात. कठड्याला रेलून उभे असलेले दोन-चारशे लोक, त्यांची तिकिटे, चहाच्या टपरीवरचा गल्ला, यावर तो चालतो.

यावर जर्मनीचे उदाहरण हमखास पुढे केले जाते, आणि ते टाळण्यासारखे नाही. तिथे शनिवारी दुपारचे सामने थेट दिसतात, तरी मैदाने भरतात, अगदी दुसऱ्या फळीतलीही. पण तिथे उभे राहून पाहण्याचे तिकीट स्वस्त आहे आणि बहुतेक क्लबांत मतांचे बहुमत सभासदांच्या हाती राहील असा नियम आहे. म्हणजे तिथे दार आधीच उघडे आहे. बंदीची गरज त्यामुळे उरली नाही. इंग्लंडला जर्मनीकडून शिकायचे असेल तर आधी तिकिटाचे दर शिकावेत. बंदी हा रामबाण नाही, हेही कबूल करावे लागते. 1885 मध्ये स्थापन झालेला बरी क्लब 2019 मध्ये लीगमधून बाहेर फेकला गेला तो मालकांच्या पैशाच्या गोंधळापायी. टीव्ही बंद ठेवून तो वाचला नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्याला चालवत नाही, ज्याला तिकीट परवडत नाही, त्याने काय करावे? प्रीमियर लीगच्या बाबतीत याला माझ्याकडे उत्तर नाही. तिथली तिकिटे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहेत, आणि तेवढ्यापुरती बंदीची बाजू लंगडी पडते. ऑर्किडवाल्यांनाही हाच निकष लावावा. ज्या फुलासाठी कुठेच गेट बॅरोज नाही, त्याची गुप्तता हळूहळू मोजक्या जाणकारांची खासगी मिरास होते, आणि लोकांनी कधी न पाहिलेल्या फुलासाठी उद्या कुणी रस्त्यावर उतरत नाही.

आपल्याकडे कास पठारावर रोज 3000 लोकांची मर्यादा आहे, तिच्यावर दरवर्षी कुरकुर होते आणि तरी ती हवीच. सह्याद्रीतल्या दुर्मिळ ऑर्किडचे फोटो ठिकाणासकट टाकणाऱ्यांनी मात्र हात आवरायला हवा. आयनॅचरलिस्टसारखे संकेतस्थळ धोक्यातल्या प्रजातीचा पत्ता आपणहून वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर करते. व्हॉट्सअॅप गटात ती सोय नाही. त्याच वेळी सीतेची वेणी मे-जूनमध्ये घाटरस्त्याकडेच्या आंब्या-जांभळांवर गुलाबी-पांढरे घोस सोडते आणि गाड्या तिच्याखालून भरधाव निघून जातात. वनखात्याने अशा चार-सहा झाडांपाशी गाडी थांबवायला जागा केली आणि नावाची पाटी लावली, तर बाकीचे पत्ते लपवण्याबद्दल कुणी तक्रार करणार नाही.