पंप वाढवण्याआधी इंजिनाचा तळ बघा



ऊस विकास विभागाचं काम लागणीच्या नोंदी आणि बेणेवाटप एवढ्यावर संपत नाही. तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला तरच त्या कामाला अर्थ. म्हणून या अंकात ट्रॅक्टरबद्दल चार शब्द लिहितो.

हंगाम जवळ आला की वाहतूकदारांत एकच विषय निघतो, "पंप वाढवून घेतला का?" डिझेल पंपाचं सेटिंग वाढवायचं, जमलं तर टर्बो बसवायचा आणि दोन भरल्या ट्रॉल्या चढावर वरच्या गिअरमध्ये ओढायच्या. सुरुवातीला ट्रॅक्टर ओढतोही जोरात. पण ही वाढीव ताकद इंजिनात कुठं जाऊन बसते, ते कोणी विचारत नाही.

हिशोब साधा आहे. सिलिंडरचा व्यास 100 मिलिमीटर धरला, तर पिस्टनचं तोंड सुमारे 78.5 चौरस सेंटिमीटर भरतं. डिझेल पेटल्यावर दर चौरस सेंटिमीटरला 100 किलो दाब आला, तर पिस्टनवर पावणेआठ टनांवर भार येतो. दाब 130 किलोवर नेला की भार 10 टनांच्या पुढं जातो. 2000 फेऱ्यांवर असा घाव एका सिलिंडरमध्ये मिनिटाला 1000 वेळा बसतो. तो कनेक्टिंग रॉडमधून क्रँकवर येतो आणि क्रँकला खालून धरून ठेवतात त्या मेन बेअरिंगच्या कॅपा. त्यांचे बोल्ट ताणले गेले की कॅप केसाएवढीसुद्धा हलली तरी पुरे. शेल घासते, ऑइलचं प्रेशर उतरतं आणि शेवटी क्रँक तुटते नाहीतर ब्लॉकला तडा जातो.

काहीजण म्हणतात, "मग कॅपाच मजबूत करू." विचार चुकीचा नाही. अमेरिकेत फोर्डनं 1963 साली 427 घनइंची इंजिनात मधल्या कॅपांना ब्लॉकच्या बाजूनं आडवे बोल्टही दिले. क्रायस्लरनं 1964 च्या 426 हेमी इंजिनात तेच केलं. पण ती इंजिनं शर्यतीसाठी होती आणि त्यांचे ब्लॉकच त्या हिशोबानं ओतलेले होते. आपल्या ट्रॅक्टरची कॅप ब्लॉकवर आवळूनच बोअर केलेली असते, म्हणून तिच्यावर नंबर असतो. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. नवी पोलादी कॅप किंवा जादा ताणाचे स्टड घातले की सगळी घरं एका रेषेत पुन्हा बोअर करावी लागतात. बिडाच्या कॅपला वेल्डिंगनं पट्टी मारली तर ती वाकते, तडकते.

एवढं करूनही बोल्टाचे आटे त्याच ब्लॉकात राहतात. शिवाय बहुतेक ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते, इंजिनाचा ब्लॉकच सांगाड्याचं काम करतो. क्लच, गिअर आणि ब्रेक तर जुन्याच ताकदीचे. उतारावर दोन ट्रॉल्या मागून रेटतात तेव्हा पंप वाढवून काय उपयोग?

ट्रॅक्टर वाटेत बसला की टोळी रिकामी बसते, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं आणि उतारा पडतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. हे नुकसान एकट्या वाहतूकदाराचं नाही, ज्याचा ऊस आहे त्या सभासदाचंही आहे.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. पंप कंपनीच्या सेटिंगवरच ठेवावा. चढावर खालचा गिअर घ्यावा. इंजिन खोललंच तर कॅपा नंबराप्रमाणे व त्याच दिशेनं बसवून टॉर्कच्या पान्यानं आवळाव्यात. ताकद कमीच पडत असेल तर मोठा ट्रॅक्टर घ्यावा किंवा ट्रॉलीत माल कमी भरावा.

दोष वाहतूकदाराचाच आहे असंही नाही. यार्डात तासन्‌तास नंबर लागत नाही, तो वेळ तो रस्त्यावर भरून काढायला बघतो. म्हणून वाहतुकीचा करार करतानाच कारखान्यानं ट्रॅक्टरची तपासणी आपल्या वर्कशॉपात करून द्यावी आणि यार्डातली रांग कमी करावी. संचालक मंडळानं हंगामाआधी या दोन्ही गोष्टींचा विचार करावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी