तिला परत पाठवू नका

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या आईबापांना, शेजाऱ्यांना, आशाताईंना कळकळीची विनंती.

रात्री अकराला तुमच्या दारावर थाप पडेल. बाहेर सतरा वर्षांची पोर, कडेवर बाळ, हातात पिशवी. पिशवीत दोन लंगोट, एक झबलं आणि घडी पडलेलं लसीकरणाचं कार्ड. नवऱ्याचा डोळा लागला तेवढ्यात एवढंच उचलता आलं. तिला "आत्ता घरी जा, सकाळी बघू" म्हणू नका. "भांड्याला भांडं लागतंच" हे तर नकोच नको. याआधीही ती निघाली असेल आणि आपणच समजूत घालून तिला परत सोडून आलो असू.

उद्योजिका कल्पना सरोज यांचं बाराव्या वर्षी लग्न झालं. विदर्भातून त्या मुंबईच्या झोपडपट्टीत आल्या, सासरी मारहाण सुरू झाली. सहा महिन्यांनी वडील भेटायला आले, लेकीची दशा पाहिली आणि तिला घेऊनच परतले. गावाने टोमणे मारून तिला जगणं नकोसं केलं. ती मरणाच्या दारातून परतली. पुढे मुंबईत शिवणकाम, मग कल्याणमध्ये व्यवसाय, कमानी ट्यूब्ज कंपनीची धुरा, 2013 साली पद्मश्री. कल्याण बदलापूरपासून चार स्टेशनांवर आहे. मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते वडिलांचं त्या दिवशीचं पाऊल.

बाळ पदरात असलं की भीती दुप्पट होते. बाळाला नाव कोण देणार? लग्नच कायद्यात बसत नाही, मग दाद कुठे मागायची? तिला सांगा: अठराच्या आत झालेलं लग्न वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत न्यायालयातून रद्द करून घेता येतं. बाळ तरीही औरसच राहतं, पोटगीही मागता येते. लग्न न करता संसार मांडलेल्या मुलीलाही 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा संरक्षण देतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचंच नाव लागतं. ती अठराच्या आत असेल तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. हे तिच्यापासून लपवू नका, सोबत जा.

आशाताई, लसीकरणाच्या दिवशी ती बाळाला वजनकाट्यावर ठेवते तेव्हा बाही वर सरकते. तो वळ तुम्हाला दिसतो. सासूला कार्ड भरायला पलीकडे पाठवा आणि तिला एकटीला विचारा.

20 ऑगस्ट 2024 ला शाळेत अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांसाठी बदलापूरकर रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास थांबल्या. ती चीड आपल्यात आहे. पण भिंतीपलीकडून किंचाळी आली की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. तसं करू नका. चौघं मिळून जा, दार वाजवा, वाटीभर साखर मागा. उगारलेला हात तेवढ्यापुरता तरी खाली येतो. मग फोन करा: मुलगी अठराच्या आत असेल तर 1098, महिलांसाठी 181, जिवावर बेतलं असेल तर 112. नंबर आजच फोनमध्ये भरून ठेवा.

आणि लेक सासरी असेल तर तिचा शाळेचा दाखला, आधार कार्ड, बाळाचा जन्मदाखला यांच्या प्रती आताच आपल्याकडे मागवून घ्या. निघायच्या रात्री ट्रंक उघडायला वेळ नसतो.