शहराच्या नकाशात बाईचं काम कुठे?

मुंबई आता एका केंद्राचं शहर राहिलेलं नाही. सकाळची गर्दी पूर्वी मुख्यतः चर्चगेट-व्हीटीकडे जायची, आज ती अंधेरी, कुर्ला, ठाणे, वाशीलाही उतरते. हे आपोआप झालं नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको आली. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं.

शहराची अशी केंद्रं शोधायला आता उपग्रहाने टिपलेले रात्रीचे दिवे, टॅक्सींच्या फेऱ्या, मोबाईलची ठिकाणं अशा कोट्यवधी नोंदी वापरतात. मोबाईलच्या नोंदींची नेहमीची रीत साधी आहे. फोन रात्री असतो ते घर. दिवसा बराच वेळ थांबतो ते कामाचं ठिकाण. जिथे अशी ठिकाणं दाटीने, ते केंद्र. मेट्रो कुठून न्यायची, हे ठरवताना असे नकाशे पुढे येतात. म्हणूनच विचारायला हवं : या व्याख्येत बाईचं काम बसतं का?

पहिली गोष्ट फोनची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या फक्त ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. तज्ज्ञ म्हणतील, ही तूट गणिताने भरून काढता येते. डोक्यांची भरता येईल, पण व्याख्येची कशी भरणार? घरी बसून पापड लाटणाऱ्या, काजबटण करणाऱ्या बाईचा फोन हलतच नाही, म्हणजे नोंदीपुरती ती कामच करत नाही. चार घरची कामं करणारी कुठेच 'बराच वेळ' थांबत नाही. ही चूक यंत्राची नाही, आपलीच जुनी आहे. २०११ च्या जनगणनेतही कामावर कसं जाता, हा प्रश्न घरगुती उद्योगातल्या कामगारांना लागू नव्हता.

मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत आम्ही बायांना जमिनीवर रांगोळीने आपापलं शहर काढायला सांगितलं. सगळ्यात मोठं वर्तुळ कुठल्याही व्यापारी संकुलाभोवती नव्हतं. ते होतं जुन्या वस्तीशेजारच्या सोसायट्यांभोवती, जिथे त्या धुणी-भांडी करायच्या. तिथून उठवून इथे आणल्यावर दोघींनी काम सोडलं होतं. बसभाडं आणि जाण्यायेण्याचा वेळ मिळून पगार उरेना. त्यांचं केंद्र मोडलं, आणि ते मोडल्याची नोंद कुठल्याही पडद्यावर उमटली नाही.

मग प्रत्येकीच्या हाती फोन देऊन सगळ्यांना मोजावं का? मला ते उत्तर वाटत नाही. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईला आपला माग कुणाला लागू नये, असंच वाटतं. आपल्याला मोजलं जायला हवं, पण पाळत नको.

या माहितीला माझा विरोध नाही. बस कुठे कमी पडते, हे तिच्यातून फार लवकर कळतं. मागणी एवढीच, की अशा नकाशावरून निर्णय होणार असेल तर 'काम' म्हणजे काय धरलं, कोण सुटलं, हे आधी जाहीर करा. वॉर्डावॉर्डातल्या बायांच्या बैठकांतून निघालेले नकाशे त्याच्या शेजारी ठेवा. पाळणाघर, शौचालय, भर दुपारची बस यांची गरज त्यातून दिसेल.

हे मागायची जागा आपल्याकडे आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यावर सूचना-हरकती मागवाव्याच लागतात. २०१५ साली मुंबईच्या आराखड्याचा मसुदा लोकांच्या हरकतींपुढे मागे घ्यावा लागला होता. तुमच्या शहराचा मसुदा येईल तेव्हा वाट बघत बसू नका. आधीच एका दुपारी वस्तीतल्या बायांना जमवा आणि रांगोळी घेऊन बसा.