शुगर असली तरी बैठका

शुगर निघाली की वऱ्हाडात पहिला सल्ला मिळतो चालण्याचा. पुढे मांड्या ओसरल्या, जिना चढवेना, की दुसरा मिळतो: ‘अंगात ताकदच नाई रायली, पडून राहा.’ पहिला सल्ला अपुरा आहे, दुसरा घातक.

इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात. मधुमेहात ते हा हुकूम नीट पाळत नाहीत. मात्र काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर ओढतो. पडून राहिलेल्याचा स्नायू झडतो आणि साखर आणखी बेताल होते.

चालण्याने हृदयाचं भलं होतं, साखरही उतरते. ते सोडू नये. पण झडलेली मांडी भरून यायला भार लागतो. शिवाय अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा चालणंही सुटतं. बैठका घरात, पंख्याखाली होतात.

‘वजन उतरलं, बरंच झालं’ हेही फसवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं, की दिसायला सडपातळ भारतीय शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. काय उतरलं, हे काटा सांगत नाही.

राहिला वयाचा मुद्दा. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या प्रयोगात नव्वदीतल्या अशक्त वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. मग साठीच्या माणसाला आपण कशाच्या जोरावर घरी बसवतो?

आणि भाराचा व्यायाम आपल्याला परका नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने बर्लिनमध्ये देशी व्यायाम दाखवले. दंड, बैठका, मुद्गल हा सगळा भाराचाच व्यायाम. म्हाताऱ्या गुडघ्यांनी खुर्चीपासून सुरुवात करावी, भिंतीला हात टेकून जोर काढावेत. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. ताटात तुरीचं घट्ट वरण, हरभरा, चालत असेल तर अंडं हवं. मूत्रपिंड बिघडलेलं असल्यास या प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवावं. छातीत दुखत असेल, डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं असेल, तर आधी तपासणी. इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी.

माझी मागणी अमरावती-अकोल्याच्या डॉक्टरांकडे आहे. शुगरच्या प्रत्येक वृद्ध रुग्णाला हात न टेकता खुर्चीवरून पाचदा उठायला लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर गोळ्यांसोबत बैठकाही लिहून द्या, संख्येसकट.