दरड कोसळलेल्या डोंगराचा दहा वर्षांचा हिशेब हवा

माळीण (२०१४), तळीये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३). प्रत्येक वेळी पंचनामे झाले, मदत जाहीर झाली, पुनर्वसनावर वाद झाले. ज्या उताराने गाव गाडले, तो सावरतोय की पुन्हा ढासळायच्या बेतात आहे, याचा हिशेब मात्र गावापुढे येत नाही. तो यायला हवा.

१. माहिती उपलब्ध आहे. लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून मोफत मिळतात. सेंटिनेल-२ साधारण दर पाच दिवसांनी, दहा मीटरच्या बारकाव्याने टिपतो. दरडीआधीचा डोंगरही त्यामुळे तपासता येतो.

२. हिरवे दिसले म्हणजे सावरले, असे नव्हे. लाल आणि अवरक्त प्रकाश किती परावर्तित होतो, यावरून हिरवाईचा निर्देशांक काढतात. सह्याद्रीत पावसाळ्याअखेर उघड्या मुरमावरही गवत माजते आणि आकडा झपाट्याने चढतो. पण गवताची मुळे झाडांसारखी खोलवर माती धरत नाहीत. म्हणून ऑक्टोबरचे चित्र पुरावा मानू नये. मार्चमध्ये गवत वाळल्यावर, शेजारच्या न ढासळलेल्या उताराशी तुलना करावी. ऋतू दोन्हीकडे सारखाच असल्याने खरा फरक तेव्हा उरतो.

३. ढगांची सबब चालणार नाही. रडार ढगांतूनही पाहते. जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या इस्रो-नासाच्या ‘निसार’ उपग्रहाचे लांब तरंगलांबीचे रडार पानांच्या आड शिरून खोड-फांद्यांचा अंदाज देते, जमिनीची सूक्ष्म हालचालही टिपते.

४. उरलेले गावाने सांगावे. रानमोडी आणि घाणेरी ही तणे माजली तरी आकाशातून हिरवाईच दिसते. नवी भेग कुठे पडली, कोणता झरा आटला, हे गुराखी आणि वनरक्षक आधी सांगतील. त्यांच्या नोंदींशिवाय नकाशा अपुरा आहे.

५. मागणी साधी आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या मदतीने प्रत्येक मोठ्या दरडीचा नकाशा दहा वर्षे, दर एप्रिलमध्ये, मराठी टिपणासह ग्रामसभेपुढे ठेवावा. उतार सावरत नसेल, तर तिथे रस्ता, खाण, बांधकाम यांना परवानगी देऊ नये. एप्रिल अशासाठी, की धोक्यातली घरे हलवायला पावसाआधी महिनाभर तरी हाती राहील.