हायड्रोजन आमचा, विद्या कोणाची?

सन 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याचा संकल्प केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये सोडला आणि त्यासाठी 19,744 कोटी रुपये मंजूर केले. संकल्प योग्यच आहे. खतांचे व तेलशुद्धीकरणाचे कारखाने जो हायड्रोजन वापरतात, तो मुख्यत्वे नैसर्गिक वायूपासून काढलेला असतो. हा वायू मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावा लागतो आणि त्यापासून हायड्रोजन काढताना कर्बवायू हवेत मिसळतो तो वेगळाच. सूर्याच्या व वाऱ्याच्या विजेने तोच हायड्रोजन पाण्यातून निघाला, तर कोणास नको आहे? परंतु या रकमेची वाटणी पाहिली म्हणजे मन साशंक होते. कारखानदारीच्या उत्तेजनार्थ 17,490 कोटी, प्रायोगिक प्रकल्पांस 1,466 कोटी आणि संशोधनास अवघे 400 कोटी! शंभरांत दोन रुपये.

वीज सोडली असता पाण्याचे घटक वेगळे होतात, हे निकल्सन व कार्लाइल यांनी 1800 साली लंडनमध्ये दाखविले. आज शाळेतील मुलेही ते जाणतात. अडचण तत्त्वाची नव्हे, हिशेबाची आहे. एक किलो हायड्रोजनला सिद्धान्ताप्रमाणे सुमारे 39 युनिट वीज पुरावी. प्रत्यक्षात यंत्रे 50 ते 55 युनिट घेतात. यातील बरीचशी तूट ऑक्सिजन सुटतो त्या विद्युदग्रावर येते. तेथील क्रिया मंद असते. तिला वेग देणारा उत्प्रेरक शोधणे हे विद्युत-रसायनशास्त्राचे काम. सौरविजेच्या चढउतारांशी चटकन जुळवून घेणाऱ्या, पातळ पटलाच्या यंत्रांत हा उत्प्रेरक इरिडियमचा असतो. हा धातू साऱ्या जगात वर्षाकाठी सात-आठ टनच निघतो आणि तोही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेत. निकेल, कोबाल्ट, मँगनीज अशा सुलभ धातूंनी त्याची जागा घेतल्याखेरीज हे गणित सुटणार नाही.

हा मार्ग आपणांस अपरिचित नाही. भाक्रा-नानगलच्या जलविजेवर नानगलच्या खत कारखान्यात 1960 नंतरच्या दशकात याच रीतीने हायड्रोजन निघत असे. आज तेथे तो मार्ग उरलेला नाही. प्रयोगशाळाही आहेत. कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था 1953 पासून उभी आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने तयार झालेली हायड्रोजनची बस 2022 साली सर्वांसमोर आली. उणीव बुद्धीची नाही, पाठबळाच्या सातत्याची आहे.

आधी यंत्रे आणावी, विद्या मागाहून येईल, असे कोणी म्हणेल. इतर खात्यांकडूनही संशोधनास पैसा मिळतो, असेही सांगितले जाईल, आणि ते खरेही आहे. तथापि सौर पट्ट्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चीनकडे पाहावे लागले, हा अनुभव ताजा आहे. तेलाची परवशता संपवून पटल व उत्प्रेरकांची परवशता पत्करणे, याला स्वावलंबन कोण म्हणेल?

म्हणून आमची सूचना स्पष्ट आहे. उत्तेजनाची रक्कम घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने तिचा ठरावीक वाटा देशी प्रयोगशाळांबरोबरच्या संयुक्त संशोधनावर खर्च करावा, अशी अट घालावी. संशोधनाचे अनुदान वर्षावर्षाच्या मंजुरीवर न ठेवता दहा वर्षांसाठी निश्चित करावे आणि तरुण संशोधकांची विद्यावेतने वेळेवर द्यावीत. कारखाना दोन वर्षांत उभा राहतो. विद्येस पिढी लागते. तिची सुरुवात लांबविणे देशाला परवडणार नाही.